नऊ मोडके स्क्रू

भिंतीत स्क्रू मोडला, की आमच्या भागातले लोक आधी स्क्रूला शिव्या देतात, मग तो विकणाऱ्याला, आणि मग आमच्या मोठ्या जाऊबाईंना फोन करतात. सत्तरीला टेकलेल्या, पाच फूटही न भरणाऱ्या बाई, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत ड्रिल. दार उघडणाऱ्याला वाटतं, कसली तरी वर्गणी मागायला आल्या. त्या चपला काढतात, भिंतीसमोर उभ्या राहतात, मोडलेल्या स्क्रूवरून अंगठा फिरवतात आणि विचारतात, "कोणी पिळला हा इतका?" घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. कर्ता पुरुष बहुतेक छताकडे बघतो.

"असू दे," ताई म्हणतात. "निघेल."

आणि तो निघतो. शेजारच्या विटेची कोरसुद्धा न उडवता निघतो.

हे काम त्या कुठे शिकल्या, असं लोक मला विचारतात, कारण आम्ही दोघी जावा एकाच घरात राहिलो, त्या खाली आणि मी वर. मी सांगते, "नवऱ्यामुळे शिकल्या." ते खोटं नाही. लोक म्हणतात, "वा, किती छान." त्यापुढचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईंचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर, कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. घरीदारी सगळे त्यांना फोरमनच म्हणायचे, माझ्या सासूबाईसुद्धा. हात सोन्याचे होते. जीभ मात्र कानशीची, ज्याच्यावर फिरेल त्याचा थोडा भुगा पाडणारी. त्यांनी ताईंवर कधी हात उचलला नाही. हे आधीच सांगते, कारण अशी गोष्ट सुरू झाली की ऐकणारे वळ शोधायला लागतात. वळ नव्हते.

त्यांच्या शर्टाच्या खिशात व्हर्निअर असायचा, जाडी मोजायचं ते स्टीलचं मापक. पाहुणे जेवायला बसले, की ताटातली काकडीची चकती उचलून ते तिची जाडी मोजायचे. "साडेचार मिलिमीटर. ही साडेसहा. आणि ही बघा, सात! अहो, इतक्या वर्षांत आमच्या हिला दोन चकत्या सारख्या जमल्या नाहीत." पाहुणे हसायचे. लग्न होऊन आले तेव्हा मीही हसले. चौथ्या दिवशी त्यांनी मी चिरलेली काकडी मोजली. सगळे हसले, ताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या वाढत राहिल्या.

हत्यारांना हात लावायची ताईंना बंदी होती. फोरमनच्या खोलीत एका फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगाने काढलेली होती, आणि हत्यार बरोबर त्या आकृतीत टांगलेलं असायचं. एकदा ताईंनी पातेल्याचा ढिला कान आवळायला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि परत ठेवला. तो जरासा तिरका राहिला. फोरमननी त्यांना बोलावलं. "नीट ठेव. अजून. डावीकडे. डावी बाजू कुठली ते तरी ठाऊक आहे ना?" ताई पंधरा मिनिटं तो स्क्रूड्रायव्हर टांगत आणि काढत होत्या. मी दारातून बघत होते. फोरमन खुर्चीत बसून पेपर वाचत होते, आणि दर वेळी डोळे न उचलता म्हणत होते, "अजून."

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, एका सकाळी, फोरमन न्हाणीघरात पडले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेलं. दोन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आले ते खाटेवर. त्यांना समजत सगळं होतं. तोंडातून मात्र 'हं' आणि 'न्न' यांच्या मधला एकच आवाज यायचा.

आठवड्यातून दोनदा एक तरुण फिजिओ यायची. पहिल्याच दिवशी तिने ताईंना आणि मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "पहिले तीन महिने महत्त्वाचे. जे परत यायचं ते बहुतेक याच दिवसांत येतं. ते उभे राहू शकतात, डाव्या हाताची पकड चांगली आहे. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरायचा दांडा बसवा. दिवसातून दहा वेळा धरून चालले तर मला वाटतं हे चालतील. मी एकटी आठवड्यातून दोनदा उभं करून काही होणार नाही."

खोलीपासून न्हाणीघरापर्यंत लांब बोळ होता, आणि त्याची डावी भिंत होती उघड्या विटांची. घर बांधताना फोरमननी तिला गिलावा करू दिला नव्हता. एकेक वीट वाजवून, निवडून लावून घेतली होती. खाटेवरून, दार उघडं असलं की, ती सगळी भिंत दिसायची.

मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. तो दोन दिवसांची रजा काढून आला. त्याने चौदा फुटांचा स्टीलचा दांडा करवून आणला होता, त्याला पाच पट्ट्या वेल्ड केलेल्या, प्रत्येक पट्टीला तीन भोकं. सोबत विटेत थेट जाणारे, प्लग न लागणारे स्क्रू. त्याने ड्रिल हातात घेतलं आणि वळून बघितलं. फोरमन खाटेवर उशीला टेकून बसले होते. नजर मुलाच्या हातावर.

"बाबा, तुम्ही झोपा ना जरा," मुलगा म्हणाला.

"न्न," फोरमन म्हणाले.

चाळिशीचा माणूस, हाताखाली पंधरा जण असलेला. पण त्या नजरेखाली त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने भोकं पाडली ती उथळ, आतली धूळ फुंकून काढायचं विसरला, आणि स्क्रू अडला तसा मशीन जोरात दाबत गेला. टक् असा आवाज झाला. स्क्रूची मान तुटून डोकं फरशीवर पडलं. फोरमननी अर्ध्या तोंडाने हसल्यासारखं केलं. "हं," ते म्हणाले. मुलाने दुसरा दाबला. टक्. मग तो मुद्दाम केल्यासारखा दाबतच गेला. पंधरापैकी नऊ स्क्रू मोडले. कुणाचा तुकडा बाहेर राहिला, कुणाचा विटेला सपाट, कुणाचा आत.

मुलाने ड्रिल खाली ठेवलं आणि आईला म्हणाला, "कुणालातरी बोलाव. मला नाही जमणार. माझ्याच्याने यांच्यासमोर नाही होणार." संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

दुसऱ्या दिवशी ताई फोरमनच्या खोलीत गेल्या आणि फळ्यावरची हत्यारं काढून टोपलीत भरून घेऊन आल्या. त्यांनी कुणाची परवानगी विचारली नाही. खाटेवरून 'न्न, न्न' चाललं होतं. ताईंनी बोळात पाट मांडला, पदर खोचला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

पहिल्या स्क्रूला अख्खी दुपार गेली. त्याचा तुकडा बाहेर होता. ताई साध्या पकडीने धरायच्या आणि पक्कड घसरायची. मी म्हटलं, "ताई, राहू द्या, माणूस बोलावू."

"माणूस येईल तेव्हा येईल. यांचे दिवस चाललेत," त्या म्हणाल्या. तेव्हा त्यांना खरंच घाई होती. हेही मी सांगून ठेवते.

तिसऱ्या प्रहरी त्यांनी टोपलीतून ती दुसरी पक्कड काढली, दाबली की जबडा अडकून राहतो ती. फोरमन तिला मगर म्हणायचे. मगरीने तुकडा पकडला, ताईंनी दोन्ही हातांनी उलटा पीळ दिला, आणि कर्रकर्र करत, विटेची लाल पूड सांडत, स्क्रू बाहेर आला. ताईंनी तो तळहातावर घेऊन नवऱ्याला दाखवला. चेहरा शाळेतल्या मुलीसारखा झाला होता.

फोरमननी मान भिंतीकडे फिरवली.

दुसरा स्क्रू अर्ध्या तासात निघाला. तिसरा सपाट तुटला होता. ताईंनी ड्रिलच्या बारीक बिटाने त्याच्या भोवती चार भोकं पाडली, वीट सैल केली आणि लांब चोचीच्या पकडीने तुकडा खेचला. चौथ्याच्या उघड्या टोकावर हॅक्सॉच्या, लोखंड कापायच्या करवतीच्या, तुटक्या पात्याने खाच पाडली आणि स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला. भोक साफ करायचं, विटेची पूड आणि सिमेंट कालवून भरायचं, वाळू द्यायचं, पुन्हा पाडायचं. कुणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं दाराआडून बघितलेलं सगळं हातात उतरत होतं. मी चहा घेऊन गेले की त्या सांगायच्या, "अगं, कठीण काही नाही गं यात! दोन मिनिटांत भोक पडतं. दोन मिनिटांत!"

पाचव्या स्क्रूनंतर त्यांचं बोलणं थांबलं.

त्यानंतर काम रेंगाळलं. मी विचारलं की त्या म्हणायच्या, "उरलेले चार खोल आहेत." फिजिओ आली की आधी भिंतीकडे बघायची. "काकू, दांडा?"

"चार राहिलेत."

पुढच्या आठवड्यात, "तीन राहिलेत." त्याच्या पुढच्या आठवड्यातही, "तीनच आहेत. एक पुन्हा अडकला."

"कारागीर बोलवा ना."

"येऊन गेला एक. विटा फोडाव्या लागतील म्हणाला. यांना ते चालणार नाही."

असा कुणी कारागीर आलेला मी बघितला नव्हता. वाटलं, मी बाजारात गेले असेन तेव्हा आला असेल.

माझे यजमान म्हणाले, "वहिनी, जुनी भोकं सोडा की. दांडा चार बोटं सरकवून नवी पाडू."

ताई म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या दादांचंच वाक्य आहे. जुन्या भोकाशेजारी नवं भोक पाडतो तो कारागीर नाही, घूस आहे." आणि खाटेकडे वळून, अगदी गोड आवाजात, "हो ना हो?"

माझे यजमान थोरल्या भावाच्या वाक्यापुढे कधी गेले नव्हते. तेव्हाही गेले नाहीत.

याच दिवसांत फोरमनना एक सवय लागली. खोलीत कुणीही आलं की ते डावा हात वर करायचे आणि मनगट फिरवायचे. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. तोंडाने 'न्न, न्न' चालू. डोळे असे ताणलेले की बघवत नसे. फिजिओला वाटलं ते मनगटाचा व्यायाम करतायत. ती म्हणाली, "छान, काका, करत राहा." मुलाने फोनवर चेहरा बघितला तर म्हणाला, "बघ आई, अजून मला शिकवतायत. घट्ट आवळ म्हणतायत." ताई म्हणाल्या, "हो ना. आयुष्य गेलं, सवय नाही गेली."

मलाही तसंच वाटलं.

सातवा की आठवा आठवडा असेल. दुपारी तीनच्या सुमारास मी ताईंचं पातेलं परत द्यायला खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई पाटावर बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. हातात मगर, मगरीच्या जबड्यात स्क्रूचा तुकडा. मी बोलणार तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. ते उजवीकडे फिरत होतं. स्क्रू बाहेर येत नव्हता. आत चालला होता.

मी खाली बघितलं. फरशीवर, फडक्यावर, ओळीने आठ मोडके स्क्रू मांडून ठेवलेले होते. भिंतीतली आठही भोकं सिमेंटने भरून, वाळून, पुन्हा नीट पाडलेली. राहिलं होतं ते हे एकच, आणि त्यात ताई काढलेला स्क्रू परत घालत होत्या. घालून झाल्यावर त्यांनी दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून विसावा घेतला, आणि मग त्याला काढायला लागल्या. सावकाश. खाटेवरून दिसेल असं, जरा बाजूला सरकून.

खाटेवर फोरमनचा डावा हात वर झाला होता. त्यांनी मला बघितलं होतं. मनगट वेड्यासारखं फिरत होतं. उजवीकडे, उजवीकडे. आता मला कळलं ते काय सांगत होते. इतके आठवडे ते साक्ष देत होते आणि आम्ही त्यांना शाबासकी देत होतो. टूलरूममध्ये पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला कुठल्या कामाला किती वेळ लागतो हे पक्कं ठाऊक होतं. घरात ते ठाऊक असलेला तो एकच माणूस होता.

माझ्या हातातलं पातेलं दाराला लागलं. ताईंनी वळून बघितलं. दचकल्या नाहीत.

"ये," त्या म्हणाल्या. "बस."

"ताई, हे काय करताय तुम्ही?"

"स्क्रू काढतेय."

"तो निघालेला आहे."

"हो. पहिल्या दहा दिवसांतच सगळे निघाले. आधी तीनचार परत घालत होते, आता एवढा एकच घालते. पुरतो." त्यांनी मगर मांडीवर ठेवली. "माझी आई गेली तेव्हा तू या घरात आली नव्हतीस. तुला ठाऊक नाही."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, की रडल्याही नाहीत. बोलताना त्या खाटेकडेच बघत होत्या, जणू मला नव्हे, त्यांना आठवण करून देत होत्या.

निरोप आला होता की आईचं काही खरं नाही, लेकीचं नाव घेतेय. गाव बसने सहा तासांवर. फोरमन स्वयंपाकघरात फळी बसवत होते, चार फुटांची साधी फळी. ते म्हणाले, एवढं काम झालं की निघू. ताई म्हणाल्या, मी एकटी जाते. तर म्हणाले, तुला बस तरी कुठली ते कळतं का? काम अर्धवट टाकून जायचं नसतं. ताई पिशवी भरून दाराशी बसल्या. फोरमननी भोक पाडलं, बघितलं, पसंत पडलं नाही, भरलं, वाळायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडलं, पुन्हा भरलं. असे तीन दिवस. ताई पिशवी मांडीवर घेऊन बसून. चौथ्या दिवशी सकाळी दुसरा निरोप आला. फोरमन स्टुलावरून उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "चला, आता घाई नाही."

"मला त्यातलं काय कळत होतं?" ताई म्हणाल्या. "मला वाटलं, भिंतच वाईट असेल. बत्तीस वर्षं मी त्या भिंतीला बोल लावला. स्वयंपाक करताना तिच्याकडे बघायची आणि म्हणायची, मेली तू मला माझ्या आईकडे जाऊ दिलं नाहीस. आणि इथे पाचव्या स्क्रूला हातात ड्रिल धरलं होतं, भोक पडलं, आणि मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं. चार फुटांच्या फळीला चार भोकं. किती होतात?"

मी मनात मोजलं. आठ मिनिटं.

"मी यांना विचारलं. इथेच, याच पाटावर बसून. म्हटलं, अहो, त्या फळीला तीन दिवस का लागले? 'न्न' म्हणता येतं यांना. मान हलवता येते. हात हलवता येतो. यांनी डोळे मिटून घेतले." ताईंनी मगर पुन्हा उचलली. "तुला कुणाला सांगायचं तर सांग. मुलाला सांग, त्या पोरीला सांग. मी नाही म्हणणार नाही."

मी पातेलं ओट्यावर ठेवलं. जाताना खाटेजवळून जावं लागलं. फोरमननी माझ्या पदराचं टोक डाव्या हाताने धरलं. पकड खरंच चांगली होती. मी एकेक बोट उलगडलं आणि वर गेले.

मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. फिजिओ जिन्यात भेटायची, म्हणायची, "काकूंची दया येते हो, एकट्या खपतायत." मी म्हणायची, "हो ना." एवढंच सांगून मी मोकळी होऊ शकले असते, पण खरं ते सांगायला बसलेच आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवस मोजायला लागले होते. फिजिओने सांगितलेले तीन महिने कधी भरतात, ते मीही बघत होते. माझी काकडी त्यांनी एकदाच मोजली होती, आणि ताईंची रोज. त्या हिशेबाने माझा राग एवढा मोठा असायला नको होता. पण होता.

चौदाव्या आठवड्यात ताईंनी दांडा बसवला. पंधरा स्क्रू, पंधराही सरळ, दोन तासांत. वर पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. फिजिओने टाळ्या वाजवल्या. "काकू, कमाल केलीत!" तिने आणि माझ्या यजमानांनी फोरमनना उभं केलं, डावा हात दांड्यावर ठेवला. बोटं मिटली. गुडघ्यांनी मात्र धरलं नाही. फोरमन थरथरले आणि खाली गेले. दुसऱ्यांदाही तसंच. इतके आठवडे पडून पायांतलं मांस उतरलं होतं आणि उजवा घोटा आत वळून आखडला होता.

फिजिओ बराच वेळ त्यांच्या पोटऱ्या चाचपत राहिली. बाहेर येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही शक्य ते सगळं केलंत."

"हो," ताई म्हणाल्या.

फोरमन त्यानंतर सहा वर्षं जगले, आणि त्यांची सेवा ताईंनी अशी केली की सगळा परिसर नावाजतो. पाठीला कधी जखम झाली नाही. चादर रोज बदललेली, नखं कापलेली, दाढी एक दिवसाआड. लोक आपल्या सुनांना सांगायचे, बघा, याला म्हणतात करणं. मी जिन्यात उभी राहून ऐकायची.

ती भिंत बघूनच शेजारच्यांनी पहिल्यांदा बोलावलं. त्यांच्या गॅलरीत दोन स्क्रू मोडले होते. मग त्यांच्या ओळखीत कुणाचे, मग एका दवाखान्यात, मग एका दुकानात पाटी बसवणाऱ्याने सात मोडून ठेवले होते. ताई जायच्या आधी फोरमनना खुर्चीत बसवून बोळात, भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. म्हणायच्या, "अंधारात पडून राहण्यापेक्षा बरं." परत आल्या की त्यांच्यासमोर पाट घेऊन बसायच्या आणि त्या दिवशीचं सगळं काम सांगायच्या. वीट कशी होती, स्क्रू किती खोल, कोणता बिट लावला, किती मिनिटं लागली. मिनिटं नेहमी सांगायच्या. "आज चार होते. बावीस मिनिटं. ऐकताय ना?" फोरमन डोळे मिटायचे. ताई त्यांच्या गालावर हलकेच थोपटायच्या, ते डोळे उघडेपर्यंत.

मुलगा वर्षातून एकदा यायचा. बापाजवळ बसायचा, त्यांचा हात हातात घ्यायचा. आता त्याला भीती वाटत नव्हती. एकदा तो मला म्हणाला, "काकू, आई किती बदललीय ना? किती आनंदी दिसते." खरंच दिसायच्या.

चौथ्या वर्षी फोरमनना एक शब्द परत आला. ताईंनी जिन्यातून मला हाक मारली, "धाकटे, लवकर ये! बोलले!" मी धावत गेले. ताईंच्या हातात मऊ भाताची वाटी होती.

"काय बोलले?"

"पुरे म्हणाले. स्पष्ट. ऐक हं." आणि त्यांनी चमचा भरून पुढे केला.

"पुरे," फोरमन म्हणाले.

"बघितलंस?" ताई म्हणाल्या, आणि चमचा त्यांच्या तोंडात घातला.

त्यानंतर दोन वर्षं तेवढा एकच शब्द होता. भात भरवताना पुरे, अंग पुसताना पुरे, स्क्रूची हकिगत चालू असताना पुरे. ताई दर वेळी म्हणायच्या, "झालंच. थोडं राहिलंय," आणि राहिलेलं सगळं पुरं करायच्या. वाटी कधी अर्धी परत गेली नाही. डॉक्टर म्हणायचे, एवढं वजन टिकवणं सोपं नाही.

शेवटच्या महिन्यात एकदा ताईंना लांबचं काम आलं, आणि दुपारचं भरवायचं माझ्याकडे होतं. मी चार चमचे दिले. पाचव्याला ते म्हणाले, "पुरे." मी वाटी खाली ठेवली आणि त्यांचं तोंड पुसलं. फोरमन माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानापर्यंत गेलं. त्यांना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मला खुर्ची भिंतीपासून वळवून खिडकीकडे करता आली असती. ते मला सुचलं ते वर गेल्यावर.

संध्याकाळी ताई आल्या. पिशवी उतरवली, हात धुतले आणि झाकण काढून वाटी बघितली.

"हे काय, खाल्लं नाही?"

"पुरे म्हणाले."

ताईंनी माझ्याकडे अशा नवलाने बघितलं की मला जागच्या जागी लाज वाटली. आधीच्या कशाची वाटली नव्हती एवढी.

"आणि तू ऐकलंस?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी भात थोडा कोमट केला, पाट ओढून फोरमनसमोर बसल्या, आणि एका हाताने त्यांची हनुवटी वर करून पहिला चमचा भरला.

"आज सहा होते," त्या सांगायला लागल्या. "दोन तर पार आत तुटलेले."